खेळाचा संगणक आणि बाळापूरचा उन्हाळा

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुरात, आणि बाळापूरसारख्या वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्याच्या गावात, मध्यमवर्गीय घरापुढे उभे राहणारे खर्चाचे प्रश्न पिढीगणिक बदलत आले आहेत. एके काळी सायकल घ्यावी की शिलाई मशीन, एवढाच प्रश्न असे. पुढे स्कूटर आली, दूरचित्रवाणी संच आला, फ्रिज आला. या वस्तूंविषयी वडीलधाऱ्यांना काही ना काही ठाऊक असे; निदान शेजाऱ्याच्या घरी ती वस्तू पाहिलेली असे. बारावीच्या निकालानंतर मुलगा वा मुलगी सत्तर-ऐंशी हजारांच्या ‘गेमिंग’ संगणकाची मागणी करते, तेव्हा मात्र घरात दोन वेगळ्या भाषा बोलल्या जाऊ लागतात. शिक्षक असलेल्या वडिलांना त्या मागणीत केवळ खेळ दिसतो. मुलाला केवळ ग्राफिक्स कार्ड दिसते. ज्या आठ-नऊ सुट्या भागांवर ती रक्कम खर्च व्हावयाची असते, त्यांचा एकत्रित विचार मात्र कोणीच करीत नाही.

रक्कम लहान नव्हे. कारकुनाच्या घरी ती एका हातातून येत नाही. महागाई भत्त्याच्या थकबाकीचे काही, भिशीचे काही, आजीने मनीऑर्डरीच्या काळापासून बाजूला ठेवलेले काही, अशी ती जमते. आणि एकदा चुकीच्या मालात गेली की पुन्हा जमण्यास तीन-चार वर्षे लागतात. म्हणूनच हा पोरखेळाचा विषय आहे असे समजून तो दुकानदाराच्या मर्जीवर सोपवून देणे परवडणारे नाही.

मागणीला पहिला विरोध होतो तो ‘खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय’ या भूमिकेतून. ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि खेळ घरात केव्हाच शिरलेला आहे. तो मोबाइलमधून शिरला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, आणि २०२१ च्या जुलैत तोच खेळ नाव बदलून भारतीय अवतारात परत आला. पांघरुणाखाली रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या त्या खेळावर कोणाचीच नजर नसते. बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या मोठ्या पडद्यावरील खेळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. शिवाय जुगार आणि खेळ यांतील भेद आता कायद्यानेही केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बेकायदा ठरविले आणि ई-क्रीडेला स्वतंत्र मान्यता दिली. मूल काय खेळते हे पाहणे हे आईवडिलांचे काम आहेच. पण सर्वच खेळांना एका दोरीत बांधण्याचे आता कारण उरलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. विरोध टाळण्यासाठी मुले ‘अभ्यासासाठी संगणक हवा’ असे सांगतात, आणि वडीलही मनाच्या समाधानासाठी ते खरे मानतात. या परस्परांच्या सोयीच्या असत्याने निवडच बिघडते. वडील अकोल्याच्या दुकानात जाऊन ‘अभ्यासाचा’ संगणक मागतात; दुकानदार चाळीस हजारांत ग्राफिक्स कार्ड नसलेला, हलक्या एसएमपीएसचा संच देतो; सहा महिन्यांनी मुलगा त्यात कार्ड बसवू पाहतो, तेव्हा एसएमपीएस पुरत नाही, कॅबिनेटमध्ये जागा नसते, आणि पुन्हा वीस-पंचवीस हजारांचा खड्डा पडतो. खेळासाठी घेतलेला चांगला संगणक अभियांत्रिकीचे आराखडे, त्रिमिती चित्रे, चित्रफितींचे संपादन आणि प्रोग्रॅमिंग ही सारी कामे उत्तम करतो. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला संगणक मात्र खेळासाठी उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा घरात पहिल्याच दिवशी खरे बोलले गेले, तर पैसे वाचतात.

सुटे भाग आणून जुळविलेल्या यंत्राकडे कमी दर्जाचे म्हणून पाहण्याची एक जुनी सवय आहे. नामांकित कंपनीचे सीलबंद खोके म्हणजे विश्वास, आणि ‘असेंबल्ड’ म्हणजे तडजोड, अशी समजूत शासकीय कार्यालयांच्या खरेदीतून घरांत पोहोचली. अकोला जिल्ह्याने तरी ही समजूत बाळगू नये. अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक भारताला देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ उभा केला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपा मोठ्या संख्येने एकमेकींशी जोडून तो घडविला होता. बुद्धी होती ती कोणता भाग कशाशी, किती आणि कसा जोडावा यात. या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे याच जिल्ह्यातील, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंब्याचे. बारावी झालेल्या मुलाची जुळवणी आणि महासंगणक यांची तुलना कोणी करू नये. पण जुळवणी ही विद्या आहे, एवढे त्यावरून मान्य व्हावयास हरकत नाही.

आता फसवणुकीविषयी. ऑनलाइन बाजारात आणि काही दुकानांत ‘गेमिंग पीसी’ या नावाने वीस-तीस हजारांचे तयार संच विकले जातात. काचेची बाजू, आत रंगीत दिवे, आणि पाटीवर मजकूर : आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड. हा मजकूर अक्षरशः खरा असतो आणि तरीही त्यात घोर फसवणूक असते. आय-सेव्हन हे घराण्याचे नाव आहे. कितवी पिढी, हे त्यात सांगितलेले नसते. २०१२ चा ‘आय-सेव्हन ३७७०’ आणि २०२२ चा ‘आय-थ्री १२१००’ या दोहोंत चारच कोअर आहेत. पण नावाने धाकटा असलेला नवा प्रोसेसर जुन्याला सहज मागे टाकतो. तीच गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. त्या चार जीबी म्हणजे कार्डाची स्मृती, त्याचे बळ नव्हे. २०१४ मध्ये आलेले ‘जीटी ७३०’ चार जीबी स्मृतीसह विकले जाते आणि आजचा कोणताही मोठा खेळ त्याला पेलवत नाही. कोठार मोठे आणि काम करणारा हात एकच, असा तो प्रकार आहे. यात आणखी एका संकटाची भर पडली. विंडोज १० ची सुरक्षा-देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतील प्रोसेसरांवर चालत नाही. मुलांना प्रिय असलेला ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसेल तर सुरूच होत नाही. म्हणजे तिसऱ्या पिढीचा तो झगमगता संच घरी येतो तोच निवृत्तीनंतरच्या अवस्थेत. बोगस बियाण्यांच्या पाकिटांनी पोळलेल्या वऱ्हाडाला पाकिटावरचे चित्र आणि आतील बी यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागू नये.

निवडीला सुरुवात बहुतेक मुले ग्राफिक्स कार्डापासून करतात. ती पडद्यापासून व्हावयास हवी. संगणकाला दर क्षणी किती ठिपके रंगवावयाचे आहेत, यावर पुढचा सारा खर्च ठरतो. १९२० गुणिले १०८० या साध्या पूर्ण एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३६ लाख ८६ हजार. आणि फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. जो फोर-के मॉनिटर घेतो, त्याने कार्डावर चौपट काम लादलेले असते. मध्यम खर्चाच्या पहिल्या संगणकासाठी चोवीस इंची पूर्ण एचडी पडदा पुरेसा आहे. मात्र तो सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा असावा, साध्या ६० चा नव्हे. वेगवान खेळांत हा फरक डोळ्यांना जाणवतो. पुढे संगणक बदलला तरी मॉनिटर राहतो, हेही ध्यानात घ्यावे.

पडदा ठरला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जोडी. येथे मुलांपेक्षा आजोबांना अधिक कळते, कारण त्यांनी बैलजोडी पाहिलेली असते. एक बैल दमदार आणि दुसरा थकलेला असेल, तर दमदार बैलाचे पैसे वाया जातात. गाडी थकलेल्याच्याच चालीने चालते, वर जूही एका बाजूला ओढले जाते. सारे पैसे कार्डात घालून जुना प्रोसेसर ठेवणे, किंवा नऊ-दहा हजारांचे कार्ड लावून त्यावर पंचवीस हजारांचा प्रोसेसर घेणे, हे दोन्ही याच जातीचे प्रमाद. पूर्ण एचडीवरील खेळांसाठी सहा कोअरचा प्रोसेसर ही आजची वाजवी पातळी आहे. इंटेलचा १२४००एफ, एएमडीचे रायझन ५ मालिकेतील ५६०० किंवा ७६०० हे त्या पातळीचे. यांपैकी इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर लहान असले तरी महत्त्वाचे आहे : त्या प्रोसेसरात चित्र दाखविण्याची स्वतःची सोय नसते. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले की तो संगणक महिनाभर आंधळा होतो. ५६०० चीही तीच गत. ७६०० मध्ये मात्र निदान कामापुरते चित्र येते.

मदरबोर्डावर फार खर्च करू नये. पण प्रोसेसर बसण्याची त्यावरील जागा, जिला सॉकेट म्हणतात, ती कोणती हे पाहून घ्यावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मध्ये घेतलेले काही बोर्ड २०२२ मधील प्रोसेसरही, केवळ बायॉस बदलून, स्वीकारू शकले. एएम५ हे २०२२ मध्ये आलेले सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालविण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ज्या घरात दर दोन वर्षांनी नवा संगणक येणे शक्य नाही, त्या घरासाठी ही गोष्ट चार-पाच टक्के वेगापेक्षा मोलाची. मात्र एएम५ वर डीडीआर५ रॅमच लागते, डीडीआर४ तेथे बसत नाही.

कार्डाच्या नावांत कंपन्यांनी मुद्दाम घोळ घातला आहे की तो आपोआप झाला, हे ठरविणे कठीण. ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ आठ जीबीचेही मिळते आणि सोळा जीबीचेही. ‘आरटीएक्स ५०६० टीआय’चेही तसेच. नाव एक, खोक्यावरील चित्र एक, किंमत वेगळी आणि आयुष्यही वेगळे. नवे मोठे खेळ आठ जीबीची मर्यादा गाठू लागले आहेत. केवळ ‘व्हॅलोरंट’ वा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्याला आठ जीबी चालून जाईल. कथाप्रधान, भव्य दृश्यांचे खेळ ज्याला खेळावयाचे आहेत, त्याने बारा वा सोळा जीबीच्या कार्डाचा विचार करावा. वापरलेली कार्डे स्वस्तात मिळतात. परंतु इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाल्यावर बाजारात आलेल्या ढिगातील कार्डे रात्रंदिवस राबलेली होती, आणि त्यांतील किती अजून हातोहात फिरत आहेत हे कार्डाकडे पाहून कळत नाही. बिल आणि उरलेली हमी असल्याखेरीज जुने कार्ड घेऊ नये.

आतापर्यंतचा विचार पुण्यात जसा, तसाच बाळापुरात लागू पडतो. यापुढे मात्र वाटा वेगळ्या होतात, आणि नेमके येथेच शहरांत वा परदेशांत तयार झालेल्या याद्या वऱ्हाडातील मुलाला तोंडघशी पाडतात.

मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू करावे लागले होते. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. अशा दिवसांत माडीवरच्या टिनाच्या खोलीत, आणि मुलांच्या वाट्याला बहुधा तीच खोली येते, दुपारी चाळीस अंश सहज असतात. ग्राफिक्स कार्डांच्या ज्या चाचण्या इंग्रजी चित्रफितींत पाहावयास मिळतात, त्या बहुशः वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. हिशेब साधा आहे. पंख्याचा वेग तोच राहिला, तर खोलीचे तापमान जितके अंश वाढेल, जवळपास तितकेच अंश कार्डाचे आणि प्रोसेसरचे वाढते. बावीस अंशांच्या खोलीत सत्तर अंशांवर राहणारे कार्ड चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदीच्या उंबरठ्यावर जाते; मग ते स्वतःला वाचविण्यासाठी पंखे गरगरविते, तेही पुरले नाही तर वेग उतरविते. पैसे मोजले ते त्या वेगासाठी, आणि मे महिन्यात, म्हणजे नेमक्या सुट्टीत, तोच मिळत नाही.

म्हणून बाळापूरच्या यादीत एक रकाना वाढवावा लागतो : वॅटचा. ‘आरटीएक्स ४०६०’ ११५ वॅट घेते, ‘५०६०’ १४५, ‘आरएक्स ७६००’ १६५, इंटेलचे ‘बी ५८०’ १९०. घेतलेली वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. तीनशे वॅट खाणारा संगणक म्हणजे उन्हाळ्यात खोलीत ठेवलेली तीनशे वॅटची शेगडीच. दोन कार्डांची किंमत आणि कामगिरी जवळपास सारखी असेल, तर येथे कमी वॅटचे कार्ड सरस मानावे; पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत तसे मानण्याचे कारण नाही. प्रोसेसरचेही तसेच : रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटच्या वर्गातील, त्याचाच भाऊ ७६००एक्स १०५ वॅटचा, आणि खेळांतील फरक मोजक्या टक्क्यांचा. ते ‘एक्स’ अक्षर अकोला जिल्ह्यात फुकट मिळाले तरी विचार करूनच घ्यावे.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी, काचेची नव्हे. काच सुंदर दिसते आणि वारा अडविते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, एवढी सोय पुरते. पाण्याने थंड करावयाच्या महाग यंत्रणेची या वर्गातील संगणकाला आवश्यकता नाही. जाळीमागे धूळ अडविणारी गाळणी मात्र हवीच, आणि ती दर महिन्याला धुवावयास हवी. काळ्या मातीची उन्हाळी धूळ आणि हंगामात हवेत तरंगणारे कापसाचे तंतू यांचा थर पंख्याच्या पात्यांवर पाहता पाहता चढतो. संगणक-टेबलाच्या बंद खणात कॅबिनेट कोंबण्याची पद्धत तर ताबडतोब सोडावी. आणि वऱ्हाडातील घरोघरचा कूलर? त्याच्या गार झोताने खोली सात-आठ अंशांनी उतरत असेल तर संगणकालाही ती उतरलेली हवी आहे. फक्त वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे तुषार थेट कॅबिनेटवर येणार नाहीत अशी जागा निवडावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे टिनाच्या खोलीऐवजी खालच्या मजल्यावरची जाड भिंतींची खोली. तेथे वडिलांची नजरही राहते, हे मुलांना आवडणार नाही, पण कार्डाला आवडेल.

उष्णतेखालोखाल वीज. बाळापूर तालुक्यातच पारस येथे २५० मेगावॉटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र आहे. परंतु केंद्राच्या शेजारी राहिल्याने घरात दाब स्थिर मिळतो असे नव्हे. ती वीज उच्च दाबाने जाळ्यात जाते, आणि घरातील दाब ठरतो तो गल्लीतील ट्रान्सफॉर्मरवरून आणि शेवटच्या तारेवरून. संगणकात हा दाब पहिल्यांदा झेलतो तो एसएमपीएस. आणि नेमका तोच भाग निवडताना मुले हात आखडता घेतात, कारण त्याने खेळातील चित्र तसूभरही सुधारत नाही. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेले असते; तो तितके वॅट देऊ शकेल, याची हमी कोणीच घेत नाही. असा भाग जळतो तेव्हा तो एकटा जळेल असे नाही. बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता सांगते, सुरक्षितता सांगत नाही. म्हणून खुणेबरोबर कंपनीचे नाव, हमीची वर्षे, आणि जादा दाब, जादा प्रवाह व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे किंवा नाही, हे पाहावे. वर सांगितलेल्या कार्डांना ५५० ते ६५० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएस पुरतो. ज्या यादीत दिव्यांच्या पंख्यांवर तीन हजार आणि एसएमपीएसवर दीड हजार लिहिलेले असतील, ती यादी वडिलांनी बेलाशक परत करावी.

एवढ्याने भागत नाही. जुन्या वाड्यांतील तीन छिद्रांच्या सॉकेटात तिसरे छिद्र पुष्कळदा शोभेचेच असते. संगणक आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. त्याला काही शेकड्यांत मोल पडते. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देतो आणि तोही काही मिनिटे, म्हणजे खेळ जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरताच. घरातील इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल, तर चांगल्या एसएमपीएसशी त्याचे पटेलच असे नाही. आणि बिलाचा विचार : तीनशे वॅट, रोज चार तास, म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. महावितरणच्या आकारणीत शंभर युनिटांपुढील दर एकदम चढतो. ज्या घराचा वापर नव्वदच्या आसपास आहे, तेथे हे छत्तीस युनिट बहुतांशी वरच्या दराने पडतील. मुलाने मांडलेल्या खर्चात हा आकडा कधीच नसतो.

रॅमविषयी २०२५ चे वर्ष कायम स्मरणात राहील. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती जगातील बहुतेक रॅमचे उत्पादन आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून येणाऱ्या मागणीपुढे घरगुती ग्राहक त्यांना नगण्य वाटू लागला. त्या वर्षाच्या अखेरच्या काही महिन्यांतच रॅमचे भाव दुपटीच्या पलीकडे गेले. डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकाला माल विकणे थांबविण्याचा निर्णयच जाहीर केला. कॅलिफोर्नियातील गुंतवणुकीचा भार बाळापूरच्या भिशीवर असा येऊन पडतो. यावर उपाय बत्तीस जीबीचा हट्ट सोडून सोळावर थांबण्याचा; मात्र ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि सोळाची एकच पट्टी तसे करू शकत नाही. एसएसडी एक टीबीची असावी. एकेक खेळ आता शंभर-दीडशे जीबी जागा घेतो.

सारी रक्कम एकदम जमत नसेल तर? हप्त्याने घेण्यापेक्षा टप्प्याने घेणे बरे. रायझन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरात चित्रे रंगविण्याची बरी सोय आतच असते. हलके खेळ त्यावर साध्या पातळीवर चालतात. पहिल्या वर्षी असा प्रोसेसर, चांगला बोर्ड, चांगला एसएमपीएस आणि जाळीचे कॅबिनेट. कार्ड पुढच्या दिवाळीला. आतील सोयीचे पैसे काही अंशी दुबार जातात हे खरे, पण कर्जाचे व्याजही जातेच, आणि वर्षभरात मुलाला हे वेड टिकते की ओसरते तेही कळून येते.

खरेदी कोठे करावी, हा बाळापूरकराला पडणारा शेवटचा प्रश्न. मुंबईचा डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे जुना लॅमिंग्टन रोड, स्वस्त म्हणून प्रसिद्ध. ऑनलाइन दुकाने त्याहून कधी कधी स्वस्त. अकोला महाग, पण पंचवीस किलोमीटरवर. पाच ठिकाणांहून पाच भाग आणले आणि संगणक सुरूच झाला नाही, तर दोष कोणत्या भागात हे शोधण्याचे काम पाचांपैकी एकही दुकान करीत नाही. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस हे चार भाग तरी एस.टी.ने जाऊन परत करता येतील अशा एकाच ठिकाणाहून घ्यावेत. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस कोठूनही आणावेत. आणि बिल घ्यावे. ‘बिल नको असेल तर कमी लावतो’ हे वाक्य ऐकून भल्या भल्या माणसांचे पाय डळमळतात; सत्तर हजारांच्या मालावर अठरा टक्के म्हणजे १२,६०० रुपये होतात. पण ती सूट नव्हे. तीन वर्षांची हमी विकून मिळालेली ती किंमत आहे, आणि कर चुकविण्याचा धडा मुलाला वडिलांच्या देखत मिळतो तो वेगळाच. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

जुळवणी शक्य तर मुलाने वा मुलीने स्वतः, घरच्या टेबलावर करावी. दुकानात करावयाची असेल तर समोर बसून. दोन-तीन तासांचे काम आहे. त्यानंतरच्या चुका मात्र हमखास होतात. मॉनिटरची तार मदरबोर्डाच्या मागे खोचली जाते, ती ग्राफिक्स कार्डाच्या मागे खोचावयाची असते. अन्यथा तीस हजारांचे कार्ड नुसते बसून राहते. रॅम तिच्या छापील वेगाने चालावी यासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू करावी लागते. आणि १४४ चा म्हणून घेतलेला मॉनिटर विंडोज पुष्कळदा ६० वरच चालू करते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने बदलावा लागतो.